ओम्नी चाकांच्या ड्राइव्ह मॉड्यूलची रचना जमिनीपासून वर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पर्धेसाठी सुमारे २० किलो वजनाचा, चार ओम्नी चाकांचा रोबो बनवायचा आहे. ओम्नी चाकाच्या परिघावर आडवे फिरणारे छोटे रोलर असतात, म्हणून ते बाजूलाही घरंगळते. त्याने कोणत्याही दिशेला ३ मीटर प्रति सेकंद वेग गाठावा आणि ३ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण घ्यावे, अशी अपेक्षा आहे. चाकाचा व्यास १०० मिमी ठरला आहे, आणि मध्यापासून प्रत्येक चाकाचे अंतर २५० मिमी आहे. गिअर मोटरच्या शाफ्टवर चाक थेट बसवून ती मोटर सांगाड्याला आवळली तर चालेल का, की चाक, बेअरिंग, मोटर आणि एन्कोडर (किती फिरले ते मोजणारा संवेदक) यांचे वेगळे काढता-घालता येणारे मॉड्यूल करावे, हे आपण विचारले आहे. आधीच्या रोबोची तक्रारही सोबत दिली आहे: तो सरळ जाताना थरथरत असे, वेग घेताना तोंड फिरवत असे, आणि नियंत्रणाच्या प्रोग्राममधले गुणांक कितीही बदलले तरी हे थांबले नाही.

वेगळे मॉड्यूल करावे, हे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते करताना बहुतेक संघ मोटरची निवड आधी करतात, मग तिच्यासाठी कंस बनवतात आणि चाक शेवटी अडकवतात. हा क्रम उलटा असायला हवा. रोबोला पुढे ढकलणारे सगळे बल चाक आणि जमीन यांच्यातल्या काही चौरस मिलिमीटरच्या स्पर्शातून येते. म्हणून आधी त्या स्पर्शाचा हिशोब, मग रोलर, मग चाक, मग बेअरिंग, आणि सर्वांत शेवटी मोटर, या क्रमाने वर यावे. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ माझ्या अनुभवात बहुतेक वेळा याच खालच्या पायऱ्यांवर सापडते आणि प्रोग्राम उगाच बदनाम होतो.

पकडीचा हिशोब आधी करू. चारही चाके ४५ अंशांवर, आस मध्याकडे रोखलेली, अशी बसवली असतील तर सरळ पुढे जाताना प्रत्येक चाकाच्या बलाचा ०.७०७ इतकाच भाग उपयोगी पडतो, कारण उरलेला आडवा घटक दुसऱ्या बाजूच्या चाकाच्या उलट घटकाशी भिडून रद्द होतो. चार चाकांचे मिळून एका चाकाच्या २.८३ पट बल मिळते. कर्णाच्या दिशेला, म्हणजे एखाद्या चाकाच्या रोखाने जाताना, दोनच चाके ढकलतात आणि बाकीची दोन रोलरवर घरंगळत जातात. तेव्हा मिळते फक्त २ पट. २० किलोला ३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण द्यायला ६० न्यूटन लागतात. म्हणजे सरळ जाताना प्रत्येक चाकावर २१ न्यूटन आणि कर्णाच्या दिशेला ढकलणाऱ्या प्रत्येक चाकावर ३० न्यूटन. आता प्रत्येक चाकावरचा स्थिर भार ४९ न्यूटन आहे. रबराचा घर्षणांक ०.६ धरला तर एका चाकाची कमाल पकड सव्वाएकोणतीस न्यूटनच्या आसपास येते. आपल्याला ३० हवे आहेत. मोटर कितीही ताकदीची घेतली तरी कर्णाच्या दिशेला हा रोबो अपेक्षित त्वरणाच्या उंबरठ्यावरच घसरणार, हे एकही भाग न बनवता कागदावर कळते.

याहून महत्त्वाचा परिणाम भाराच्या सरकण्याचा आहे. त्वरण घेताना पुढच्या चाकांवरचा भार मागच्या चाकांवर जातो. गुरुत्वमध्य २०० मिमी उंचीवर असेल, आणि ४५ अंशांच्या मांडणीत पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ३५४ मिमी असेल, तर ३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाला एकूण ३४ न्यूटन भार मागे सरकतो. पुढच्या प्रत्येक चाकावर ४९ ऐवजी ३२ न्यूटन उरतात, आणि त्यांची पकड १९ न्यूटनवर येते. त्यांना द्यायचे आहेत २१. पुढची दोन्ही चाके घसरतात, मागची दोन्ही घट्ट धरून असतात, रोबो पुढे जातोही; पण पुढचे एन्कोडर खोटे सांगू लागतात. शिवाय दोन पुढच्या चाकांची पकड कधीच तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे तोंड एका बाजूला वळते. आपल्या रोबोचे वेग घेताना तोंड फिरणे बहुधा हेच आहे. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बॅटरी सांगाड्याच्या तळाशी, चाकांच्या आसाच्या पातळीला किंवा त्याहूनही खाली ठेवणे. गुरुत्वमध्य २०० वरून १२० मिमीवर आणला तर सरकणारा भार ३४ वरून सुमारे २० न्यूटनवर येतो आणि पुढची चाके पकडीच्या मर्यादेत राहतात.

तीन चाके की चार, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो या हिशोबाला लागूनच येतो. १२० अंशांवर तीन चाके असतील तर दिशेप्रमाणे कमाल त्वरण घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या ०.५ ते ०.५८ पट मिळते. चार चाकांना ०.५ ते ०.७१ पट. म्हणजे सर्वांत वाईट दिशेला दोघेही सारखेच आहेत. तीन चाकांचा मोठा गुण असा की ती कोणत्याही जमिनीवर आपोआप टेकतात. चार चाकांना हे विनासायास मिळत नाही, त्याकडे मी पुढे सविस्तर येतो. चौकोनी सांगाडा, एकमेकांना समांतर चाके आणि मुख्यतः पुढे-मागे धाव असेल तर बेंग्ट इलोन या स्वीडिश अभियंत्याने १९७० च्या दशकात आणलेले, ४५ अंश तिरक्या रोलरचे मेकॅनम चाकही विचारात घ्यावे. त्याचे सांगाड्यावर बसवणे सोपे असते. आपली गरज सर्व दिशांना सारख्या चपळाईची आहे, म्हणून ओम्नी ठीक आहे.

आता चाक. ओम्नी चाकाचे गुणदोष जवळपास पूर्णपणे त्याच्या रोलरमध्ये असतात. दुहेरी ओळीच्या चाकात रोलरच्या दोन ओळी अर्ध्या घराने सरकवून बसवलेल्या असतात, म्हणजे एका ओळीतली फट दुसऱ्या ओळीतला रोलर झाकतो. परीघ त्यामुळे जवळपास सलग मिळतो, पण जमिनीचा स्पर्श एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उड्या मारत राहतो. ओळींमधले अंतर २० मिमी असेल तर मध्यापासूनचे परिणामी अंतर २४० आणि २६० मिमी यांच्यात हेलकावे खाते, म्हणजे दोन्ही बाजूंना ४ टक्के. चाके ठरलेल्या वेगाने फिरत असली तरी रोबोच्या फिरण्याच्या वेगात तेवढी लहर येतच राहते. प्रत्येक ओळीत ८ रोलर असतील तर एका फेरीत १६ वेळा स्पर्श बदलतो. ३ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ जाताना चाक सेकंदाला पावणेसात फेऱ्या घेते, म्हणून स्पर्श सेकंदाला सुमारे १०८ वेळा बदलतो आणि दोन बदलांचे एक आवर्तन धरून ही थरथर सुमारे ५४ हर्ट्झची येते. आपल्या रोबोच्या जायरोची (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या संवेदकाची) नोंद उपलब्ध असेल तर तिच्यात हा आकडा शोधावा, आणि वेग निम्मा केल्यावर तोही निम्मा होतो का ते पाहावे. होत असेल तर थरथर चाकातून येत आहे आणि गुणांकांना हात लावण्यात अर्थ नाही.

एकेरी ओळीच्या चाकात ही उडी नसते, पण रोलरमधल्या फटीमुळे चाक किंचित बहुभुज होते. अरुंद, ओ-रिंग (रबराची गोल कडी) घातलेले छोटे रोलर असतील तर चाकाच्या मध्याचे वर-खाली होणे त्रिज्या आणि रोलरची संख्या यांवरून सहज काढता येते: ५० मिमी त्रिज्येला १६ रोलर असतील तर सुमारे ०.९६ मिमी, २४ असतील तर ०.४३ मिमी. म्हणून रोबोकप या रोबोंच्या फुटबॉल स्पर्धेच्या स्मॉल साइझ लीगमधले संघ, ज्यांचा रोबो १८० मिमी व्यासाच्या आणि १५० मिमी उंचीच्या नळकांड्यात मावावा लागतो, छोट्याशा चाकातही भरपूर रोलर बसवतात. २५ मिमी त्रिज्येला १८ रोलर घातले की ही लहर ०.४ मिमीच्या खाली येते. रोलर पिंपासारख्या फुगीर आकाराचे असतील तर त्यांच्या बाहेरच्या वळणाची त्रिज्या चाकाच्या बाहेरच्या त्रिज्येइतकीच हवी. बाजारातली चाके घेताना हे तपासायला साधा मार्ग आहे: चाक काचेवर उभे धरून मागून प्रकाश टाकावा आणि सावकाश फिरवावे, स्पर्शरेषेखालून प्रकाशाची फट जिथे दिसते तिथे चाक ठेचाळणार.

रोलरचा पृष्ठभाग फार मऊ नको आणि फार कडकही नको. कडकपणाच्या शोअर ए मापाने ६० च्या आसपासचे रबर किंवा पॉलियुरेथेन मला समतोल वाटते. त्याहून बरेच मऊ घेतले तर पकड वाढते, पण भाराखाली रोलर चपटा होतो, आडवा फिरताना विरोध करतो आणि लवकर झिजतो. नायलॉनचे उघडे रोलर गुळगुळीत लाकडी मैदानावर घसरतात. ते प्रयोगापुरते ठीक आहेत.

रोलरच्या आतल्या पिनेकडे फारसे कुणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण मॉड्यूलमधली सर्वांत जास्त दुर्लक्षित जागा तीच आहे. रोलर आडवा फिरायला जितका विरोध करेल तितके ते चाक बाकीच्या चाकांच्या विरोधात ओढत राहते. ८ मिमी त्रिज्येचा रोलर ३ मिमी व्यासाच्या गुळगुळीत पोलादी पिनेवर फिरत असेल आणि पिनेपाशी घर्षणांक ०.१ असेल, तर विरोध चाकावरच्या भाराच्या सुमारे २ टक्के येतो. तोच रोलर ८ मिमी व्यासाच्या नळीवर फिरत असेल तर ५ टक्के. म्हणून पिन बारीक हवी, पण वाकणार नाही इतकी कठीण हवी. टणक केलेली डॉवेल पिन (नेमक्या मापाची दंडगोल पिन) घ्यावी, खिळ्याची साधी तार घेऊ नये. रोलरच्या दोन्ही टोकांना ०.१ ते ०.२ मिमी मोकळीक आणि एक पातळ वॉशर ठेवावा, नाहीतर रोलरची कड चाकाच्या गालाला (बाजूच्या भिंतीला) घासते आणि वरचा सगळा हिशोब वाया जातो. तयार चाक हातात घेऊन प्रत्येक रोलर बोटाने फिरवावा. एक-दोन गिरक्या घेऊन हळूहळू थांबला तर चांगले. बोट काढताच अडला तर त्याची पिन काढून पाहावी. गालिच्याच्या मैदानावर सराव झाल्यावर पिनेच्या टोकांशी केस आणि धागे वेटोळे घालून बसलेले दिसतात. ते टोकदार चिमट्याने ओढून काढावे लागतात, म्हणून पिन एका बाजूने बाहेर काढता येईल अशीच चाकाची रचना असावी.

यानंतर शाफ्ट आणि बेअरिंग. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथे आहे. गिअर मोटरचा शाफ्ट पीळ देण्यासाठी असतो. रोबोचे वजन पेलणे आणि धक्के सोसणे हे त्याचे काम नाही. स्थिर भार ४९ न्यूटन असला तरी मैदानाच्या सांध्यावरून जाताना किंवा दुसऱ्या रोबोची धडक बसताना तो चौपट, म्हणजे २०० न्यूटन, धरून चालावे. चाकाचा मध्य गिअरबॉक्सच्या तोंडापासून ३० मिमी बाहेर असेल तर शाफ्टवर ६ न्यूटन-मीटर वाकवणारा आघूर्ण येतो. ६ मिमी शाफ्टमध्ये त्याने सुमारे २८३ मेगापास्कल ताण निर्माण होतो, जो साध्या मृदू पोलादाच्या कायमचे वाकण्याच्या मर्यादेपलीकडचा आहे, आणि डी-आकारासाठी कापलेली बाजू मी यात धरलेलीही नाही. ८ मिमीला तो ११९ आणि १० मिमीला ६१ मेगापास्कल होतो. व्यासाच्या घनाने फरक पडतो, म्हणून २ मिमी वाढवल्याचा फायदा अपेक्षेपेक्षा फार मोठा असतो. पण शाफ्ट जाड मिळाला तरी गिअरबॉक्समधली बेअरिंगे छोटी आणि जवळजवळ असतात. शाफ्ट वाकला नाही तरी ती सैल होतात, चाक डुलू लागते आणि मग दात चुकीच्या कोनात झिजतात.

म्हणून चाकाला स्वतःचा १० मिमी शाफ्ट द्यावा आणि तो स्वतःच्या दोन बेअरिंगांत धरावा. ६९०० क्रमांकाचे, १० मिमी आत आणि २२ मिमी बाहेर असलेले, ६ मिमी रुंदीचे बेअरिंग या कामाला पुरेसे आहे. दोन बेअरिंगांमधले अंतर चाकाच्या बाहेर आलेल्या लांबीपेक्षा कमी नसावे. जागा असेल तर दीडपट ठेवावे. ओम्नी चाकाला बाजूने येणारे बल एरवी थोडे असते, कारण रोलर ते सोडून देतात, पण मैदानाच्या कडेला चाक आपटले की १०० न्यूटनचा आडवा धक्का ५० मिमी त्रिज्येवर ५ न्यूटन-मीटर आघूर्ण देतो, आणि तो याच दोन बेअरिंगांना पेलायचा असतो. दोन्ही बेअरिंगांची घरे एकाच ब्लॉकमध्ये, एकाच बांधणीत बोअर केलेली असावीत. दोन वेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळी भोके पाडून मग त्या स्पेसरने जोडल्या तर शाफ्ट हाताने फिरवतानाच जड लागतो. एक बेअरिंग दोन्ही बाजूंनी अडकवावे, दुसरे आसाच्या दिशेने मोकळे सोडावे. दोन्ही आवळली तर नट घट्ट करतानाच बेअरिंगांवर फुकटचा दाब बसतो.

चाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी देऊन मधोमध चाक बसवणे त्याहून मजबूत असते. त्यातलाच मला विशेष आवडणारा प्रकार म्हणजे न फिरणारा आस: ८ किंवा १० मिमीचा कठीण बोल्ट दोन पट्ट्यांत आवळलेला, त्यावर बेअरिंगसह चाक, आणि चाकाच्या हबलाच (मधल्या भागालाच) स्क्रूने बसवलेला दातेरी पट्ट्याचा पुली किंवा गिअर. यात पीळ शाफ्टमधून जातच नाही, म्हणून हब आणि शाफ्ट यांच्यातला सांधा, जो ढिला होण्याचे सर्वांत आवडते ठिकाण आहे, तो उरतच नाही. रुंदी थोडी वाढते, ती सोसावी.

फिरणारा शाफ्टच ठेवायचा असेल तर चाक त्यावर ग्रब स्क्रूच्या (हबमधून शिरून टोकाने शाफ्ट दाबणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूच्या) भरवशावर बसवू नये. अडीच न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, ८ मिमी शाफ्टच्या पृष्ठभागावर ६२५ न्यूटन बल होऊन येतो, आणि ओम्नी रोबोमध्ये त्याची दिशा सेकंदाला कित्येक वेळा उलटते. एका ग्रब स्क्रूचे टोक अशा उलटापालटीत शाफ्टवर आधी छोटा खळगा आणि मग चर पाडते. चाक जागच्या जागी अर्धा अंश हलू लागते, आणि नियंत्रक त्या मोकळिकीत मागे-पुढे हेलकावत बसतो. कापलेला हब जो शाफ्टला चोहोबाजूंनी आवळतो, किंवा षट्कोनी शाफ्ट, किंवा चावी आणि तिची खाच, यांपैकी काहीही चालेल.

आता मोटर. सर्वांत जास्त वेगाचे चाक कर्णाच्या दिशेला ३ मीटर प्रति सेकंद वेगाने धावते; त्याच वेळी रोबो सेकंदाला ३ रेडियन फिरत असेल तर २५० मिमी अंतरामुळे आणखी ०.७५ मीटर प्रति सेकंद मिळवावे लागतात. ३.७५ मीटर प्रति सेकंद म्हणजे १०० मिमी चाकाला मिनिटाला सुमारे ७१६ फेऱ्या. ३० न्यूटनला ५० मिमी त्रिज्येवर १.५ न्यूटन-मीटर, गिअर आणि पट्ट्याचा ८० टक्के कार्यक्षमतेचा हिशोब धरून १.९ न्यूटन-मीटर. बिनभाराचा वेग चाकापाशी ९०० फेऱ्यांच्या आसपास मिळावा म्हणजे वरच्या वेगालाही नियंत्रणाला जागा उरते. २४ व्होल्टला बिनभाराच्या ७२०० फेऱ्या देणारी ब्रशलेस मोटर आणि ८ पट गिअर घट, हे जुळते. तिला कमाल टॉर्कला सुमारे साडेसात अँपिअर लागतील. चाकापाशीची कमाल शक्ती ११० वॉटच्या थोडी वर जाते, पण ती क्षणभरच लागते, म्हणून सतत ७० ते १०० वॉट सोसणारी मोटर पुरते. त्याहून मोठी घेऊन फायदा नाही. वाढीव टॉर्क पकडीच्या पलीकडे जाऊन चाक फक्त जागेवर फिरवेल.

घट किती घ्यावी यात एक गोष्ट नजरेआड होते. मोटरच्या रोटरचे जडत्व चाकापाशी घटीच्या वर्गाने वाढून जाणवते. रोटरचे जडत्व १०० ग्रॅम-सेंमी वर्ग असेल तर ८ पट घटीला एका चाकापाशी ते पाव किलो वजनासारखे वागते, २० पट घटीला १.६ किलोसारखे. चार चाकांच्या या मांडणीत कोणत्याही दिशेला एका चाकाच्या दुप्पट वाटा रोबोवर पडतो, म्हणजे अनुक्रमे अर्धा किलो आणि सव्वातीन किलो. २० किलोच्या रोबोत ते सव्वातीन किलो म्हणजे न दिसणारे ओझे आहे, आणि वेगवान छोटी मोटर जास्त घटीवर चालवणारे संघ ते कायम वाहत असतात. कमी घटीचा दुसरा लाभ म्हणजे दातांमधली मोकळीकही कमी होते. चाकापाशी १ अंश मोकळीक म्हणजे ५० मिमी त्रिज्येवर जवळपास ०.९ मिमी; रोबोला थांबवून नेमके लक्ष्य साधायचे असेल तर ती खटकते.

चार चाके जमिनीला टेकवणे हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो मॉड्यूलच्या जोडणीशी निगडित आहे. चार पायांवर भार कसा वाटला जाईल हे सांगाड्याच्या ताठपणावर अवलंबून असते. जमीन एका चाकाखाली १ मिमी खोल असेल तर सांगाडा थोडा कलून त्यातला बराचसा फरक गिळतो. पिळाच्या रूपाने प्रत्येक चाकाच्या वाट्याला पाव मिलिमीटर येतो. प्रत्येक चाकापाशी मापलेला ताठपणा २०० न्यूटन प्रति मिमी असेल तर हा पाव मिलिमीटर ५० न्यूटनचा फरक घडवतो, म्हणजे स्थिर भार पूर्णच संपतो आणि रोबो कर्णातल्या दोन चाकांवर उभा राहतो. ताठपणा १० न्यूटन प्रति मिमी असेल तर तोच फरक अडीच न्यूटनचा, जो जाणवतही नाही. मजबूत म्हणून जाड प्लेटचा ताठ सांगाडा करणारे संघ नेमके यातच अडकतात.

उपाय दोन आहेत. पहिला, पुढची दोन मॉड्यूले एका आडव्या तुळईवर बसवून ती तुळई मध्यभागी एका पिनेवर डोलती ठेवायची. मग आधार तीनच उरतात आणि चारही चाके टेकतात. तुळईवरची दोन चाके एकमेकांपासून ३ मिमी वर-खाली झाली तरी ती फार तर अर्धा अंश कलतात. पहिल्यांदाच हे करणाऱ्या संघाला मी हाच मार्ग सुचवेन. दुसरा, प्रत्येक मॉड्यूलला स्वतःची स्प्रिंग. त्यात मॉड्यूल ज्या बिजागरीवर हलते तिची दिशा निर्णायक ठरते. बिजागरीचा आस चाकाच्या आसाला काटकोनात असेल तर चाक हलताना कलते. ८० मिमी बाहूवर ३ मिमी हालचालीला २ अंशांहून अधिक, आणि २० मिमी अंतराच्या दुहेरी ओळीत त्यामुळे एक ओळ ०.७ मिमी वर उचलली जाते. एकेरी चाकाला हे चालते, दुहेरीला नाही. बिजागरी चाकाच्या आसाला समांतर असेल तर चाक कलत नाही, पण ढकलणारे बल चाकावरचा भार वाढवू किंवा घटवू पाहते, आणि ते बिजागरीची उंची भागिले बाहूची लांबी या प्रमाणात: ५० मिमी उंची, १०० मिमी बाहू आणि ३० न्यूटन बल असेल तर १५ न्यूटन. तीच बिजागरी २० मिमी उंचीवर आणली तर ६ न्यूटन. म्हणून ती जमिनीला जितकी जवळ घेता येईल तितकी घ्यावी.

मार्ग कोणताही असो, शेवटी भार मोजून पाहावा. चार सारखे वजनकाटे एका पातळीत ठेवून रोबो त्यांवर उभा करणे उत्तम. काटे नसतील तर मैदानावर रोबो ठेवून प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी घालावी आणि ती चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढावी. चाक मोटरने धरून ठेवलेले असेल तर चांगला भार असलेल्या चाकाखाली कागद फाटतो. हलक्या चाकाखालून तो सळसळत सुटून येतो. रोबो जागेवरच थोडा थोडा फिरवून हे पुन्हा करावे, कारण मैदान सगळीकडे सारखे नसते.

एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर बसवावा. ५०० रेषांचा एन्कोडर चौपट मोजणीने आणि ८ पट घटीने चाकाच्या एका फेरीत १६,००० खुणा देतो, म्हणजे एका खुणेला सुमारे ०.०२ मिमी. ०.१ मीटर प्रति सेकंद इतक्या मंद वेगालाही दर मिलिसेकंदाला पाच खुणा मिळतात, आणि वेगनियंत्रणाला तेवढे पुरते. पण घसरलेल्या चाकाचा एन्कोडर जागेचा अंदाज बिघडवतो. चार चाकांना त्यावर एक उपाय उपलब्ध आहे. रोबोच्या हालचाली तीन आणि मोजमापे चार, म्हणून समान अंतरावरच्या मांडणीत समोरासमोरच्या दोन चाकांच्या वेगांची बेरीज दुसऱ्या जोडीच्या बेरजेइतकीच यायला हवी. हा फरक सतत नोंदवत राहावे. तो शून्यापासून सरकला की कुठलेतरी चाक घसरले. वर सांगितलेली पुढच्या दोन चाकांची घसरणही यात स्पष्ट पकडली जाते. चारही चाके सारखीच घसरली तर मात्र पकडली जात नाही. चेंडू मारण्याच्या यंत्रणेला जागा देण्यासाठी पुढची चाके बाजूला फाकवली असतील तर बेरजा करताना वेगांना वेगवेगळ्या गुणकांनी गुणावे लागते, तत्त्व तेच राहते. जागेची अचूकता फार हवी असेल तर मोटर नसलेली, हलक्या स्प्रिंगने जमिनीला दाबलेली छोटी ओम्नी चाके फक्त मोजण्यासाठी लावावीत. त्यांना बल द्यायचे नसते, त्यामुळे ती सहसा घसरत नाहीत.

मॉड्यूल सांगाड्याला चार बोल्टांनी आवळावे, पण त्याचा कोन बोल्टांवर सोडू नये. दोन डॉवेल पिना तो ठरवतील असे करावे. चारही मॉड्यूले एकाच दिशेने १ अंश चुकीच्या कोनात बसली तर रोबो ३ मीटर धावेत ५२ मिमी बाजूला जातो. मोटर आणि एन्कोडरच्या तारा एकाच जोडणीत, मॉड्यूलच्या वरच्या बाजूला याव्यात. पाचवे मॉड्यूल राखीव म्हणून पूर्ण जोडून, चाचणी करून ठेवावे, आणि डाव्या-उजव्या असा भेद रचनेतच राहू देऊ नये, म्हणजे एकच राखीव कुठेही बसते.

चारही एकदम बनवायला घेऊ नयेत. आधी एकच बनवावे, ते एका साध्या बाहूला लावून त्यावर ५ किलो वजन ठेवावे, आणि स्प्रिंग काट्याने चाक आसाच्या दिशेला आडवे ओढावे. ४९ न्यूटन भाराला हा विरोध ३ न्यूटनच्या आत आला तर रोलर नीट आहेत. ५ च्या वर गेला तर पिना, वॉशर आणि गाल तपासल्याशिवाय पुढचे तीन कापायला देऊ नयेत. मग त्याच बाहूवर मोटर अर्धा तास मागे-पुढे उलटवत चालवावी, थांबवून चाक हाताने धरून हलवून पाहावे, आणि जिथे किंचितही खुटखुट लागेल तो सांधा उघडावा.